कॅमेरा तीन

ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर मी विचारलं, गायक किती?
हेमराज म्हणाला, गायक नाहीत.
निवेदक?
तोही नाही.
बावन्न माणसं, काळे कोट, आणि कोणी बोलणार नाही.
एप्रिलातल्या नागपुरात काळे कोट!
म्हटलं, चल. या आठवड्यात तसाही मुहूर्त नाही.

सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात
मला मिळाला कॅमेरा तीन,
उजवा कोपरा, खांबाला लागून,
ट्रायपॉडच्या एका पायाखाली
तर्री-पोह्यांच्या प्लेटचा दुमडलेला पुठ्ठा.
ग्रीनरूममध्ये दोन टेबलं जोडून हेमराज,
शेजारी डॉर्कस सरोदे बाई,
अजनीच्या रेल्वे शाळेतून निवृत्त,
मांडीवर उशीएवढं नोटेशनचं बाड.
त्या ओळीवर बोट फिरवणार, हा बटण दाबणार,
आणि घराघरांत बासरी दिसणार
बासरीच्या अर्धा श्वास आधी.
"आधी," बाई म्हणाल्या.
"वाजल्यावर दाखवलं तर ती बातमी झाली."

"तीन, तुमच्याकडे झांज. चौऱ्याऐंशी बार थांबायचंय."
हेडफोनमध्ये चारही कॅमेरे हसले.
बाईंनाही कळलं असावं. त्यांनी पान उलटलं.

सतरा वर्षं लग्नं काढतोय. थांबणं मला येतं.
अंतरपाटाच्या अलीकडे उभं राहून
स्वतः रचलेलं पाचवं मंगलाष्टक
लांबवत नेणारी आत्या सोसणं येतं.
नवरीच्या हातातली माळ जिथे थरथरते
तिथे फोकस धरून ठेवणं,
शेवटच्या सावधानपर्यंत.

तर तो. बेंजामिन उजागरे, नाव मागून कळलं.
दिवसा मेयोत एक्स-रे काढतो,
दिवसभर लोकांना सांगतो, श्वास रोखा.
समोर व्हायोलिनचे सगळे हात
इतवारीत कापड मोजून देणाऱ्यांसारखे
एकदम लांब, एकदम जवळ,
आणि हा मागे बसलेला,
मांडीवर दोन पितळी थाळ्या,
ओठ हलताहेत.
मी भिंग पुढे नेलं.
मराठीत मोजत होता.
तीनला दात दिसायचे.

"तीन, तुझ्याकडे काहीच होत नाहीये," हेमराज.
"होतंय," बाई म्हणाल्या. "घ्या तीन."
माझा लाल दिवा लागला.
सत्तर, दोन, तीन, चार.
एकाहत्तर, दोन, तीन, चार.
कानामागून घामाचा ओघळ कॉलरमध्ये शिरला.
त्याने पुसला नाही. आकडा सांडला असता.
मीही नाक खाजवलं नाही.
एकोणऐंशीला उठला,
थाळ्यांच्या वाद्या बोटांवर नीट बसवल्या,
त्र्याऐंशी, दोन, तीन,
आणि हेमराजचं बोट घसरलं की काय कोण जाणे,
ऐन वेळी पडद्यावर कंडक्टरची पाठ.
झांज वाजली ती माझ्या भिंगात, फक्त माझ्या.
दोन्ही थाळ्या वर, उघड्या,
दिव्याखाली थरथरणाऱ्या.
हेडफोनमध्ये कोणी काही बोललं नाही.
मग बाई: "दोन, चेलो."

मानेवाड्याला पोचलो तेव्हा साडेबारा.
सामान जिन्यातच ठेवलं.
आई जागी.
"दिसलं का?"
"दिसलं. पण आयकू कुठं येते, हा कूलर केवढा बोंबलते!
त्या पोरी तारा घासून ऱ्हायल्या, घासून ऱ्हायल्या,
मले वाटलं, तुमी आवाजच नाही लावला.
मंग तो मानूस आला.
काय मोजत होता रे तो?"
"त्याची पाळी यायची होती."
"मले तेच वाटलं. मंग म्या कूलर बंद केला."
"इतक्या गरमीत?"
"तुझा बाप ओरडला. म्हटलं, चूप बसा, तो उठला."

शर्ट पाठीला चिकटला होता माझा.
म्हटलं, वाजवताना नाही दिसला तो.
आमचं चुकलं.
"वाजला ना," आई म्हणाली,
आणि उठून कूलर लावला.
आधी मोटर घुमली, मग पाण्याची धार,
मग वारा,
आणि ती आणखी काहीतरी म्हणाली,
ते मला ऐकू आलं नाही.